साडेसहाशे कॅलरी

काटा ब्याऐंशी किलो आठशे ग्रॅमवर थांबला. छायाताईंनी चपला काढल्या होत्या, बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या होत्या, कंडक्टरची चामडी पिशवी खुर्चीत टेकवली होती. त्या खाली उतरल्या आणि पुन्हा चढल्या. काटा पुन्हा तिथेच येऊन थांबला.

“दोनशे ग्रॅम,” मी म्हणाले. “सहा आठवड्यांत फक्त दोनशे ग्रॅम.”

“मशीन बिघडलं असेल.”

“मघाशी मी स्वतः उभी राहून पाहिलं. मशीन ठीक आहे.”

त्या बांगड्या चढवू लागल्या. मी त्यांची वही उघडली. रोज काय खाल्लं ते त्यात लिहायला मीच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नेटानं लिहिलं होतं. सकाळी बिनसाखरेचा चहा, वाटीभर पोहे. दुपारी दोन चपात्या, भाजी, ताक. रात्री दीड भाकरी, आमटी, काकडी. रोज जवळपास तेच. बेरीज केली की रोजच्या साडेचौदाशे कॅलरी भरत होत्या, मी ठरवून दिल्या होत्या तेवढ्याच.

“छायाताई, खरं सांगा. याशिवाय काय खाता?”

“काही नाही.”

“डेपोत वडापाव? कुणी पेढे वाटले, कुणाचा वाढदिवस?”

“काही नाही म्हटलं ना, मॅडम.”

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. मिरजेतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागून मला सात महिने झाले होते. आज त्याला एकवीस वर्षं होतील. गणित माझं पहिल्यापासून पक्कं, आणि माणसाचं वजन हे मला सरळ गणितच वाटायचं. छायाताईंचं वय अडतीस, उंची पाच फूट एक इंच, वजन त्र्याऐंशी, दिवसभर उभ्यानं काम. त्यांच्या शरीराला रोज साधारण साडेएकवीसशे कॅलरी लागत होत्या. त्यातून सातशे कमी केल्या की आठवड्याला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम उतरायला हवे. सहा आठवड्यांत पावणेचार किलो. त्याऐवजी दोनशे ग्रॅम उतरले होते.

हे वजन हौसेसाठी उतरवायचं नव्हतं. छायाताईंचा धाकटा भाऊ भारत शाळेत गणित शिकवायचा. चौतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तो डायलिसिसला यायचा. आईला मधुमेह, म्हणून ती किडनी देऊ शकत नव्हती. बायकोचा रक्तगट जुळला नाही. छायाताईंचं सगळं जुळलं, आडवं आलं ते फक्त वजन. आमच्या डॉक्टर मगदूमांनी स्पष्ट सांगितलं होतं, “बहात्तरच्या आत आलं तरच मी हात लावीन. देणाऱ्याचा जीव धोक्यात घालून मी कुणाला वाचवणार नाही.” आणि मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “भारतचं हृदय ताणलं गेलंय. त्याच्याकडे फार वेळ नाही. या बाईंचं वजन तू उतरवून दे.”

ती जबाबदारी माझी होती, आणि ती मला पेलेल याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती. म्हणूनच त्या दिवशी माझा तोल गेला.

“हे बघा,” मी वही त्यांच्यापुढे सरकवली, “यात लिहिलंय तेवढंच तुम्ही खात असता तर आज काटा एकोणऐंशीवर असता. म्हणजे रोज साडेसहाशे कॅलरी तुमच्या पोटात जातायत आणि वहीत येत नाहीयेत. आकडे खोटं बोलत नाहीत.”

“म्हणजे मी खोटं बोलते.”

मी वही मिटली. त्याचा अर्थ त्यांना कळला.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा आणि ताकाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. “हा माझा आजचा डबा. अजून उघडलेला नाही. तपासा, मोजा, काय करायचं ते करा. माझा भाऊ तिकडे सुया टोचून घेतोय आणि मी चोरून खाईन, असं वाटतंय तुम्हाला? मला दीडची गाडी घेऊन परत जायचंय. वाटेत चहा पिईन. बिनसाखरेचा.”

त्या गेल्या. मी त्यांची फाइल ओढली आणि लिहिलं: दात्याचे सहकार्य मिळत नाही. खाली सही केली. त्या शेऱ्याचा अर्थ मला ठाऊक होता. पुढच्या आठवड्यात डॉक्टर तो वाचणार आणि भारतचं नाव प्रतीक्षायादीत टाकणार. त्या यादीत माणसं वर्षानुवर्षं पडून असत.

दुपारी मी तो डबा उघडला. त्यांच्यावर विश्वास ठेवून नव्हे, माझंच बरोबर आहे हे पक्कं करायला.

दोन चपात्या आणि दुधीची भाजी. मी चपाती मोडली. पापुद्रे सुटले, अगदी पातळ. एक पापुद्रा वर्तमानपत्राच्या कागदात दाबला, तर पलीकडचं अक्षर वाचता येईल इतका कागद पारदर्शक झाला. मी ‘बिनतेलाची चपाती’ लिहून दिली होती. ही तेलात मळलेली होती, घडीघडीत तेल होतं. भाजीवर तवंग अजिबात नव्हता, पण ती घोटून एकजीव केलेली होती आणि दाण्याच्या कुटानं दाट झालेली. मी ती रुंद पेल्यात घातली, वर कडकडीत पाणी ओतलं, ढवळलं आणि निवायला ठेवलं. तासाभरानं वर तेलाचा थर जमला होता. मी तो चमच्याचमच्यानं काढला. तीन चमचे भरले. ताकाची बाटली हलवली तर लोण्याचे कण काचेला चिकटले.

मी कागदावर मांडणी केली. एका डब्यात सव्वातीनशे जास्त. रात्रीच्या जेवणातही तेवढंच धरलं तर साडेसहाशे.

माझं उत्तर बरोबर होतं, पण त्या उत्तरापुढे मी चुकीच्या माणसाचं नाव लिहिलं होतं.

पहिल्या भेटीत छायाताईंनी सांगितलं होतं, “माझी ड्यूटी पहाटे सहाला सुरू होते. आई माझ्याकडे राहायला आलीय, तीच करते सगळं. माझ्यासाठी वेगळं शिजवते बिचारी.” तेव्हा मी त्या आईचं कौतुक केलं होतं.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी छायाताईंच्या गावाची, तासगावची बस धरली. छायाताई कामावर असणार हे मला माहीत होतं.

घर साधं, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. त्यांचे यजमान साखर कारखान्यात पाळीवर, मुलं शाळेत. त्यांच्या आई, हौसाबाई, पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पासष्टीच्या. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

“भारताला काय झालं का?”

“नाही मावशी, भारत ठीक आहे. मी छायाताईंच्या जेवणाचं बघते.”

“असं व्हय. बसा की.” त्यांनी पाट सरकवला, पाणी आणलं, आणि पुन्हा शेंगांना बसल्या. मीही दोन शेंगा उचलून फोडल्या. 

“मावशी, मी त्यांचा डबा तपासला.”

त्या वर बघेनात.

“भाजीत तीन चमचे तेल निघालं. चपात्यांत त्याहून जास्त. ताक सायीचं होतं.”

“पोर दिसभर उभी ऱ्हाती. हिसके बसत्यात गाडीचे. कोरडं खाऊन कसं व्हायचं?”

“पण त्यांचं वजन उतरलं नाही तर ऑपरेशन होणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं.”

“मग भाजी घोटून का टाकली? वर तेल दिसू नये म्हणूनच ना?”

त्यांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता रडतील किंवा मला हाकलून देतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

“तुमाला काय वाटलं आसंल ते मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “आई पोराच्या जिवावर उठली म्हणत आसशीला.”

“मी काहीच म्हणत नाही. मला समजून घ्यायचंय.”

“भारत मशीनवर जातोय. येतोय, बोलतोय, हसतोय.”

“मशीन किती दिवस पुरेल ते डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय.”

“सांगितलंय. वरीस, दीड वरीस. मला ठावं हाय, बाई. रोज मोजती मी.” त्या पत्र्याकडं बघत राहिल्या. “पर छायेला चिरायचं म्हणलं की माझं हातपाय गळत्यात. तुमाला एक सांगू? कुणापाशी बोलले न्हाई आजवर. आमच्या घरी एक म्हस होती. तिचं दूध भारताला. लोणी निघालं तर त्याच्या भाकरीवर. आंडं आणलं तर त्याला. छाया थोरली, ती बघत बसायची. मागायची न्हाई, नुस्ती बघायची. सासू म्हणायची, पोरीला देऊन काय करायचंय. सासू गेली तरी मी तेच करत ऱ्हायले. मग भारताच्या शाळेचा खर्च वाढला, तवा हिला सातवीतनं काढली. हुशार होती. मास्तर घरी आलं सांगायला, तरी काढली.”

त्यांनी सूप बाजूला केलं.

“ल्हानपणापास्नं तिच्या ताटातलं काढून त्याच्या ताटात घातलं मी. आता तिच्या पोटातलंबी काढून त्याला द्यायचं? न्हाई जमत मला. नको देऊ म्हणून तिला सांगायचं, तर कुठल्या तोंडानं सांगू? पोराची आई हाय मी. लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, भारत काय म्हणंल? म्हणून मग तेल घालत गेले. मनात म्हणलं, वजनच उतरलं न्हाई तर कुणाचाच दोष न्हाई.”

 मी पाणी प्याले. मला जे दिसत होतं ते बोलल्यावाचून राहवेना.

“मावशी, छायाताईंना किडनी द्यायची आहे की नाही, हे तुम्ही त्यांना विचारलंत?”

“तिला काय इचारायचं? ती हो म्हणणारच. जन्मभर हो म्हणत आली.”

“मग आजही त्यांच्या ताटात काय पडायचं ते तुम्हीच ठरवताय. तेव्हा न विचारता काढून घेतलंत, आता न विचारता वाढताय.”

ते बोलून झाल्यावर मला भीती वाटली, की आपण वयानं एवढ्या मोठ्या बाईला फार बोललो. हौसाबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “तुमी सांगणार तिला?”

“तुम्ही सांगा. त्या शनिवारी माझ्याकडे येतायत. त्याआधी सांगा. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, कारण मी त्यांना खोटं ठरवलंय. ते मला निस्तरायचंय.”

परतीच्या बसमध्ये मला बरं वाटत नव्हतं, पण आपण चुकलो असंही वाटत नव्हतं. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन मी ती फाइल मागून घेतली, माझा शेरा खोडला आणि लिहिलं: मोजमापातील चूक माझी, दाता प्रामाणिक आहे. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “कसली चूक?” मी म्हणाले, “जेवण कोण बनवतं ते मी विचारात घेतलं नव्हतं.” त्यांनी पुढे विचारलं नाही.

शनिवारी छायाताई आल्या. मागोमाग हौसाबाई. दोघींमध्ये चार हातांचं अंतर होतं. छायाताई बसल्या, हौसाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“छायाताई, मी तुमची माफी मागते,” मी म्हणाले.

“राहू द्या. आईनं परवाच सांगितलं.” त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचाच. “दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही. डेपोत राईसप्लेट खाल्ली. ते तुमच्या वहीत लिहून ठेवलंय.”

“ते असू दे. मला आज तुम्हाला एकच विचारायचंय. तुम्हाला किडनी द्यायची आहे का?”

“फॉर्मवर सही केलीय की.”

“फॉर्मवर नाही. मला सांगा. नको असेल तर तेही इथे सांगता येतं. मी डॉक्टरांशी बोलीन. तब्येत योग्य नाही एवढंच ते कळवतील, खरं कारण कुणाला सांगणार नाहीत. भारतलाही नाही.”

दाराशी हौसाबाईंनी चौकट धरली. छायाताई हातातल्या बांगड्या मागेपुढे सरकवत राहिल्या. त्यांनी तो प्रश्न खरोखर मनावर घेतला होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, स्ट्रेचर गेलं. त्या नाही म्हणतील, असं एका क्षणी मला वाटलं. आणि मी त्यालाही तयार होते.

“आजपर्यंत मला हे कुणी असं विचारलं नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळे म्हणायचे, तू बहीण आहेस. एवढंच.” मग आईकडं न वळता त्या बोलत राहिल्या. “दूध मिळालं नाही ते माझ्या लक्षात आहे, आई. शाळा सुटली तेही आहे. ते मी विसरणार नाही, आणि विसरले असं तुला सांगणारही नाही. पण तुला एक माहीत नाही. माझं लग्न झाल्यावर, दोन मुलं झाल्यावर, भारत माझ्याकडे सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आला. म्हणाला, तायडे, बाहेरून दहावीला बस. सासरचे हसले. तो वर्षभर दर रविवारी सायकलवरून यायचा, माझ्या चुलीपुढं बसून मला बीजगणित शिकवायचा. मी चुकले की चिडायचा, पण यायचा. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा निघाले. ही खाकी साडी त्यामुळं अंगावर आली. त्याला ते करायला कुणी सांगितलं नव्हतं.”

हौसाबाईंना हे खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

“तेव्हा मला द्यायची आहे, मॅडम,” छायाताई म्हणाल्या. “कुणी सांगतंय म्हणून नाही, आणि आई, तू अडवतेस म्हणून थांबणारही नाही. मला द्यायची आहे.”

“मग परत मांडू,” मी म्हणाले आणि कोरा कागद घेतला.

आम्ही पहिल्यापासून हिशेब केला. सहा आठवडे गेलेच होते, पुढचे सतरा आठवडे हाती धरले. या वेळी मी ‘एक चमचा तेल’ एवढ्यावर सोडलं नाही, कुठला चमचा तेही दाखवलं. हौसाबाई दारातून आत कधी आल्या ते कळलं नाही. त्यांनी तो चमचा उचलून हातात फिरवला.

“दिसाला किती म्हणता?”

“तीन. सगळ्या स्वयंपाकात मिळून.”

“आन् कूट?”

“एक मूठ नाही. एक चमचा.”

“कोरडं लागंल.”

“लागू दे,” छायाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण करणार तूच. मला डेपोतलं जेवण सोसत नाही.”

दोन दिवसांत त्या आईकडं वळून तेव्हा पहिल्यांदा बोलल्या असाव्यात. हौसाबाईंनी मान हलवली.

पुढचे चार महिने मी त्या घरातून आलेला एकही डबा तपासला नाही. गरजच पडली नाही. पहिल्या पंधरवड्यात सव्वा किलो गेलं, मग किलो, एकदा काहीच नाही, मग दीड. हौसाबाईंनी लिहिता येत नसतानाही स्वतःची पद्धत काढली. सकाळीच तीन चमचे तेल एका वाटीत काढून ठेवायचं, दिवसभर त्यातलंच वापरायचं, वाटी संपली की संपलं. ती पद्धत मी आजही माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते. वजन एकाहत्तर किलो नऊशेवर आलं त्या दिवशी छायाताई काट्यावरून उतरल्याच नाहीत. दोन मिनिटं आकड्याकडं बघत उभ्या राहिल्या.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. किडनी लगेच चालू लागली. भारत त्यानंतर चौदा वर्षं जगला, त्यातली बारा वर्षं शाळेत शिकवत होता. छायाताई आता निवृत्त आहेत, तब्येतीनं ठणठणीत, आणि वजनावरून अजूनही मला फोन करतात. हौसाबाई भारतच्या आधी गेल्या, म्हणजे ते दुःख त्यांना बघावं लागलं नाही.

पण मला आठवते ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. बहीण-भावाला वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं, एक बोळाच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. दहा ते सव्वादहा भेटायची वेळ, घरच्या एकाच माणसाला परवानगी. हौसाबाई आठपासून बाकावर बसून होत्या. दहा वाजता नर्सनं त्यांना हिरवा अंगरखा आणि टोपी दिली. कुठल्या खोलीत आधी जायचं, असं तिनं विचारलं असेल किंवा नसेल, मी लांब होते. हौसाबाई उठल्या आणि छायाताईंच्या खोलीकडे वळल्या.

मी जेवणाचा तक्ता लावायला आत गेले तेव्हा त्या पलंगाजवळ स्टुलावर बसून लेकीचे पाय चेपत होत्या. छायाताईंनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

“भारत कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“बघितलं न्हाई आजून,” हौसाबाई म्हणाल्या. “आदी तुझ्याकडं आले.”